इंदूरच्या बागेत पक्षी, फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी काय लावावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी नक्षत्र लागलं की सुदामा नगरपासून राजेंद्र नगरपर्यंत ओळखीच्या घरांतून हे प्रश्न यायला लागतात. पुण्या-मुंबईच्या याद्या सगळ्यांच्या फोनवर फिरत असतात, पण त्यांतली बरीचशी झाडं सह्याद्रीच्या पावसावर वाढलेली. आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. म्हणून इथली उत्तरं माळव्याची माती आणि माळव्याचा उन्हाळा धरून दिली आहेत.

देशी झाड नेमकं कशाला म्हणायचं? गुलमोहर तर आपण लहानपणापासून पाहतोय.

लहानपणापासून पाहिलेली कितीतरी झाडं बाहेरची आहेत. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू मेक्सिकोचा. सीताफळसुद्धा अमेरिकेतून आलेलं. मांडूला गेलं की आपण कौतुकाने विकत घेतो ती गोरखचिंच आफ्रिकेतली.

देशी म्हणजे या भागात माणसाने आणून न लावता पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेलं झाड. समजून घ्यायचं असेल तर रालामंडलची टेकडी चढा, किंवा चोरल, पाताळपाणी, जानापावकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चक्कर मारा. पळस, काटेसावर, धायटी, मुरुडशेंग, बहावा, आपटा, बेल, करवंद हे सगळं तिथे पाणी, खत आणि माळी नसताना उभं आहे. आपल्या बागेची यादी तिथूनच सुरू करायची.

फुलं परदेशी झाडांनाही येतात, त्यांवर माश्याही बसतात. मग देशीचा एवढा आग्रह का?

मधाचा प्रश्न असता तर इतका आग्रह धरलाच नसता. खरी गोष्ट पानांची आहे.

फुलपाखरू मध कुठलाही पितं, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं, कारण अळीला ठरावीक पानंच पचतात. झाडं आपल्या पानांत कडू, विषारी द्रव्यं साठवतात आणि हजारो वर्षं सोबत राहून काही कीटकांनी एकेका झाडाचं विष पचवायची युक्ती साधली आहे. कालपरवा आलेल्या झाडाचं पान इथल्या बहुतेक अळ्यांना खाताच येत नाही. नर्सरीवाला "इसमें कीड़ा नहीं लगता" असं अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या झाडावर पक्ष्याच्या पिल्लासाठी काही नाही असाच त्याचा अर्थ होतो.

पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. चिमणी एरवी धान्य खाते, पण घरट्यातल्या पिल्लाला ती अळ्या आणि किडेच भरवते. शिंजीर दिवसभर मध पिताना दिसतो, पण त्याच्याही पिल्लांच्या चोचीत कोळी आणि छोटे किडे जातात. शिंपी, वटवट्या, दयाळ, चष्मेवाला, सगळ्यांचं तेच. बागेत अळी नसेल तर घरटं भरत नाही.

हे पाहायला लांब जायची गरज नाही. अंगणात लिंबाचं झाड असेल तर पावसाळ्यात कोवळ्या पानांवर नजर टाका. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. नीट पाहिलं तर तो हलतो. ती काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असणाऱ्या लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. शीट कोण खाणार, म्हणून ती वाचते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते, आणि काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं बाहेर काढते. त्याला उग्र वास येतो. कढीपत्त्यावरही हे फुलपाखरू अंडी घालतं आणि त्याच्याच नात्यातलं दुसरं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं काळं फुलपाखरूही घालतं. कढीपत्त्याची काळी पिकली फळं बुलबुल आणि कोकीळ आवडीने खातात. फोडणीसाठी लावलेलं एक झाड एवढ्या जणांना पोसतं.

मग अळ्यांना झाड खाऊ द्यायचं? सगळं संपवलं तर?

खाऊ द्यायचं. मोठं झाड मरत नाही, नवी पालवी फुटते, आणि बहुतेक अळ्या फुलपाखरू होण्याआधीच पक्ष्यांच्या पोटात जातात. त्यासाठीच तर हे चाललंय. अगदी लहान रोप असेल आणि त्यावर पाच-सहा अळ्या दिसल्या तर दोन ठेवून बाकीच्या शेजारच्या मोठ्या झाडावर हलवा, पण त्याच जातीच्या. लिंबाची अळी जास्वंदीवर ठेवली तर उपाशी मरेल.

शेवग्यावर कधीकधी केसाळ अळ्यांचा थवा बसतो. त्यांचे केस लागून खाज सुटते, तेव्हा त्यांना हात लावू नका आणि मुलांना दूर ठेवा. झाड दाराच्या अगदी तोंडाशी असेल तर ती फांदी छाटून टाकायला हरकत नाही.

घरासमोर पंधरा फूट जागा आहे. एकच झाड लावायचं तर कोणतं?

माझं मत बहाव्याला. नर्सरीत अमलतास म्हणून मागा. एप्रिल-मेच्या रखरखाटात, बाकी सगळं वाळलेलं असताना, तो पिवळ्या घोसांनी लगडतो. मोठे काळे भुंगे त्यावर येतात आणि फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात. त्या कंपाने पराग झडतात. जवळ उभं राहिलं की भुंग्याचा आवाज मध्येच बारीक आणि टोकदार झालेला ऐकू येतो. पावसाळ्यात याच झाडाच्या कोवळ्या पानांवर पिवळसर पांढरी भटकी फुलपाखरं अंडी घालतात. मुळं घराच्या पायाला त्रास देत नाहीत. हिवाळ्यात लांब काळ्या शेंगा पडतात. काहींना त्या कचरा वाटतात, पण तेवढं चालवून घ्यावं.

जागा याहून कमी असेल तर पारिजातक किंवा कांचन. पारिजातकाची फुलं रात्री उमलतात आणि सुवासावर पतंग येतात. सकाळी आपण वेचतो तोवर त्यांचं काम झालेलं असतं, म्हणून पडलेली फुलं देवाला वाहताना झाडाचं काही कमी होत नाही.

आपट्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. दर दसऱ्याला आपणच त्याच्या फांद्या ओरबाडतो. ज्यांच्या कॉलनीत मोकळी जागा आहे त्यांनी एक आपटा लावावाच. मध्यम उंचीचा, कमी पाण्यात जगणारा, उन्हाळ्यात बारीक फिकट फुलांनी भरणारा. फुलांवर मधमाश्या येतात आणि दसऱ्याला घरची मूठभर पानं पुरतात.

वर्षभर फुलं राहावीत म्हणून कसं ठरवायचं?

बहुतेक बागा दिवाळी ते फेब्रुवारी भरलेल्या असतात आणि उरलेल्या वर्षात पाहुण्यांना उपाशी ठेवतात. म्हणून महिन्यांकडे बघून निवडावं.

थंडीत अडुळसा हवाच. पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. भुंगा त्या ओठावर उतरला की वरच्या ओठाखाली दडलेले दोन पुंकेसर त्याच्या पाठीला पराग लावतात. कुंपणाला सलग लावला तर जानेवारीत तिथे शिंजीर आणि भुंगे दोघांची वर्दळ असते. शेळ्या-गाई त्याला तोंड लावत नाहीत, हा आणखी एक फायदा. जोडीला कोरांटी, पिवळी किंवा जांभळी, दसऱ्यानंतर फुलते.

फेब्रुवारी-मार्च हा माळव्याचा खरा फुलोरा. काटेसावर, पळस, पांगारा. ही सगळी पक्ष्यांची झाडं: लाल-केशरी रंग, भरपूर पातळ मध, वास जवळजवळ नाही. सावरीवर एकाच सकाळी साळुंक्या, बुलबुल, कावळे, पोपट आणि उत्तरेकडे परत निघालेल्या गुलाबी मैनांचे थवे दिसू शकतात. पण सावर फार मोठी होते, ती घराच्या आवारात लावू नका. बागेपुरतं हवं तर धायटी लावा, नर्सरीत ती धावई किंवा धवई नावाने मिळते. चार-सहा फुटांचं झुडूप, लालभडक नळीसारखी फुलं, आणि शिंजीर हमखास. शेवगा याच सुमारास फुलतो आणि शेंगाही देतो.

उन्हाळ्यात करंज, कडुनिंब, बहावा. कडुनिंबाचा मोहर गुढीपाडव्याला आपल्या ताटात येतो, त्याच मोहरावर मधमाश्या असतात, आणि जून-जुलैत पिकल्या निंबोळ्या पक्षी खातात.

पावसाळा सोपा आहे. तेरडा, कुरडू, टाकळा हे न लावताही उगवतात. कुरडूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यावर फुलपाखरं बसतात, आणि तुरा वाळला की त्याचं काळं बारीक बी मुनिया टिपतात. म्हणून वाळला तुरा लगेच कापू नका. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. निंदताना सगळा टाकळा उपटू नका, कोपऱ्यात एक वाफा राहू द्या.

ऑक्टोबरात शतावरीला पांढरी बारीक फुलं येतात. दोन-तीन आठवडेच टिकतात, पण तेवढ्यात त्या वेलीवर मधमाश्यांचा नुसता घोळका असतो. बोरही याच सुमारास फुलते आणि संक्रांतीला बोरन्हाणाची बोरं घरचीच होतात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. कुंड्यांत काय होईल?

तुळशीपासून सुरुवात करा. मंजिरी आली की आपण ती खुडतो, कारण त्यामुळे झाड जास्त टिकतं. वृंदावनातल्या तुळशीचं ते चालू ठेवा, पण दुसऱ्या एका कुंडीत एक तुळस मनसोक्त फुलू द्या. काटकीवर तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरी माशी तिसऱ्या मजल्यावर सहज येते.

कोथिंबीर, बडीशेप, मेथी, मोहरी जून झाली की उपटून टाकू नका. कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्रीवर इतक्या बारीक माश्या आणि गांधीलमाश्या येतात की पाहून आश्चर्य वाटेल. त्यांतल्या कितीतरींच्या अळ्या झाडावरची मावा ही कीड फस्त करतात. टोमॅटो-वांगं लावलंत तर पोटावर निळे पट्टे असलेली एक जाडसर माशी येईल. तीही भुंग्यासारखी फूल थरथरवून पराग काढते आणि फळधारणा वाढते.

मोठ्या कुंडीत कढीपत्ता, अडुळसा, लिंबू, कोरांटी छान होतात. मोगरा हौसेने लावा, पण दाट पाकळ्यांच्या जातींत कीटकांना जवळपास काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांची जाई-जुई घ्या. हाच नियम झेंडू, जास्वंद, शेवंती सगळ्यांना लागू: फुलाच्या मध्यभागी केसर उघडे दिसले पाहिजेत.

रुई घरात लावावी का?

अंगणाच्या कडेला, लहान मुलांचा वावर नाही अशा ठिकाणी, जरूर. शनिवारी मारुतीला हार घालायला पानं लागतातच. तिच्या पानांवर केशरी, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पंखांचं फुलपाखरू अंडी घालतं. अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर तीन जोड्या काळे तंतू असतात. रुईचं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात. चीक डोळ्यांत गेला तर मात्र गंभीर इजा होते. पानं तोडल्यावर हात साबणाने धुवा.

पक्ष्यांना दाणे, उरलेले पोहे, शेव घातली तर चालेल का?

शेव, फरसाण, ब्रेड नको. मीठ आणि तेल त्यांच्यासाठी वाईट. रोज ज्वारी-बाजरी टाकली तर गच्चीवर पारवे जमतात आणि लहान पक्षी मागे हटतात. दाण्याच्या पैशांत एक करवंदाचं झुडूप येतं.

पाणी मात्र ठेवाच. मातीचं पसरट भांडं, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, आत दोन-चार खडे म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला, डेंग्यूच्या डासांना संधी नको. सांडलेल्या पाण्याने ओली झालेली माती तशीच राहू द्या, फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात.

काळ्या मातीत रोप लावल्यावर सडतं किंवा वाळतं. काय चुकतं?

आपली माती बेसाल्टची, चिकण. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गुळगुळीत कडांचा खोल खड्डा केला तर तो पावसात हौदासारखा भरतो आणि मुळं गुदमरतात. खड्डा खोलीपेक्षा रुंद करा, कडा कुदळीने खरवडा, भरताना जागेवरच्याच मातीत थोडं शेणखत मिसळा, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वितभर उंच उंचवट्यावर बसवा.

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा, जुलै संपायच्या आत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा भरपूर पाणी द्या, रोज तांब्याभर नको. रोज वरवर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात. नर्मदेचं पाणी घाटावरून उचलून शहरात आणावं लागतं, हेही लक्षात असू द्या. तिसऱ्या वर्षापासून वर सांगितलेली बहुतेक झाडं आपली आपण जगतात.

आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक नकोत. निदान दीड-दोन हात माती उघडी हवी.

पाला झाडून घ्यायचा की नाही? आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आहे.

२०१७ साली इंदूर देशात पहिलं आलं आणि त्यानंतर आपण ते टिकवलं, याचा सगळ्यांसारखा मलाही अभिमान आहे. पण पाला घाण नाही. सातभाई पक्षी दिवसभर पालाच उलथत फिरतात, कारण त्याखाली किडे असतात. कित्येक फुलपाखरांचे आणि पतंगांचे कोष त्यातच असतात. पाला गाडीत गेला की ते सगळं गाडीत जातं.

रस्ता आणि ओटला झाडा, वाफ्यातला पाला वाफ्यातच ठेवा. तीन-चार इंचांचा थर उन्हाळ्यात ओल धरतो. जास्त झाला तर खत करा. या बाबतीत इंदूरचं नाव जगात आहे: अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख होते आणि पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर देऊन, मधूनमधून उलथून खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तीन महिन्यांत खत तयार होतं. ती जागा म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर.

थोडी जमीन पूर्ण उघडी, न खणलेली ठेवा. एकएकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत बीळ करूनच अंडी घालतात आणि त्या सहसा डसत नाहीत.

मावा, मिलीबग पडला तर कोणतं औषध मारावं?

आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग साबणाचं पाणी, फक्त पडलेल्या जागी. बहुतेक वेळा यात भागतं आणि ढालकिडे उरलेलं संपवतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं बागेत आणूच नका. ती मुळांतून चढून फुलातल्या मधात आणि परागात उतरतात, माशी तेच घरी नेते. कडुनिंबाचं तेल सौम्य असलं तरी अळीला तेही मारतं, तेव्हा लिंबू-कढीपत्त्यावर नको. मोहल्ल्यात धुराची गाडी येणार असेल तर ती सूर्यास्तानंतर यावी, असा आग्रह रहिवासी संघातून धरा.

झाडं लावली आणि पोळं लागलं तर?

मोठं, एकाच पडद्याचं, उंचावर लटकणारं पोळं आग्या माशीचं. त्याखाली धूर, फटाके, दगड काही नको. या माश्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात, काही महिन्यांत आपणच जातात. दारावरच लागलं असेल तर जाळून न टाकता हलवणारा माहीतगार माणूस बोलवा. झुडपातलं फुलोरीचं तळहाताएवढं पोळं मात्र हाताला लागेल अशा जागी नसेल तर राहू द्या.

काय अजिबात लावू नये?

घाणेरी. नर्सरीत रंगीबेरंगी जाती मिळतात, फुलपाखरंही बसतात, पण पक्षी तिची फळं खाऊन बी विंध्याच्या जंगलात टाकतात आणि तिथे तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. कोनोकार्पस: हिरव्या भिंतीसाठी सर्रास लावतात, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सुबाभूळ आणि विलायती बाभूळ, दोन्ही आवरत नाहीत.

बाकी परदेशी झाडं असतील तर उपटू नका. वाढलेल्या गुलमोहरावरही घरटी असतात. नवीन लावताना देशी लावा, एवढंच. आंब्यावरचं बांडगूळ काढायचं असेल तर एखादी फांदी राहू द्या. त्याच्या केशरी फुलांवर शिंजीर येतो आणि चिकट फळं खायला फुलटोचा हा चिमुकला पक्षी.

वड, पिंपळ, उंबर?

पक्ष्यांसाठी यांच्याइतकं कुणीच देत नाही. उंबर पिकला की तांबट, कोकीळ, बुलबुल आणि राखी धनेशही येतो. पण घराच्या आवारात नको, मुळं भिंती फोडतात. कॉलनीच्या मोठ्या मैदानात, इमारतीपासून निदान पन्नास फुटांवर लावा. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप पावसाळ्यात काढून तिथे हलवता येतं.

देशी रोपं नर्सरीत मिळत नाहीत. कुठून आणायची?

मराठी नावाने मागितली तर नर्सरीवाला गोंधळतो. पारिजातकाला हरसिंगार, कढीपत्त्याला मीठा नीम, भोकराला लसोड़ा, करवंदाला करौंदा, मुरुडशेंगेला मरोड़फली म्हणा. वनविभागाच्या रोपवाटिकांत पावसाळ्यापूर्वी स्वस्तात मिळतात.

बरीचशी घरीच होतात. अडुळसा आणि निरगुडीची फांदी जुलैत खोचली की लागते. करंजाचं ताजं बी सरळ मातीत टाका. बहाव्याच्या बियांचं कवच टणक, ते एका कडेला कानशीने घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर महिनोन्‌महिने वाट पाहाल. पळसाच्या चपट्या शेंगा मे महिन्यात झाडाखाली पडतात. बी जास्त दिवस टिकत नाही, पहिल्या पावसातच पेरा, खोल पिशवीत, कारण त्याचं मूळ आधी खाली धावतं. जंगलातून उपटून मात्र काही आणू नका. पळस पहिली दोन-तीन वर्षं वीतभरच दिसेल आणि उन्हाळ्यात वाळल्यासारखाही होईल. तो फेकू नका, पावसात खालून परत फुटतो.